रोबो लॉनमॉवर (पुण्याच्या घरबागेतील वापर)

रोबो लॉनमॉवर हे बॅटरीवर चालणारे, हिरवळ कापणारे स्वयंचलित यंत्र आहे. बागेच्या कडेला त्याचा चार्जिंगचा तळ असतो. ठरल्या वेळी ते तळावरून निघते, आखून दिलेल्या हद्दीत फिरत गवताचे शेंडे कापते आणि चार्ज उतरला की आपणहून परत येते. माळी पंधरा दिवसांनी येऊन वाढलेले गवत एकदम खाली आणतो. रोबो जवळजवळ रोज फिरतो आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच काढतो. म्हणून त्याला गवत गोळा करायची टोपली नसते. बारीक तुकडे तिथेच पडून कुजतात आणि त्यांतला नत्र मातीला परत मिळतो.

हे यंत्र तयार हिरवळ राखते, नवी हिरवळ घडवत नाही. खड्डे, उघडी माती, पाणी साचणाऱ्या जागा यांवर त्याच्याकडे इलाज नाही. पुण्यात रोबो फसतो तेव्हा दोष बहुधा यंत्रात नसतो, गवताखालच्या जमिनीत असतो. त्यामुळे यंत्र निवडण्याआधी जमीन पाहावी.

गवत कापण्याचे पहिले यंत्र एडविन बडिंग याने इंग्लंडमध्ये १८३० साली पेटंट केले. माणसाविना चालणारे ‘मोबॉट’ १९६९ मध्ये अमेरिकेत आले. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवरचा ‘सोलर मॉवर’ बाजारात आणला आणि आजच्या घरगुती यंत्रांची परंपरा तिथून सुरू झाली.

रचना

यंत्राला मागे दोन मोठी चाके असतात. त्या प्रत्येकाला स्वतंत्र मोटर असते आणि दोन्ही चाकांच्या वेगातील फरकाने यंत्र वळते. पुढची लहान चाके मोकळी फिरतात. पोटाखाली एक तबकडी असून तिला दाढीच्या ब्लेडसारखी तीन पातळ पाती स्क्रूने सैल अडकवलेली असतात. तबकडी फिरली की पाती बाहेर फेकली जातात आणि दगड लागला तर आत दुमडतात. कापणीची उंची साधारण २० ते ६० मिलिमीटरच्या दरम्यान बदलता येते. अंगावरचे सेन्सर धडक, उचलणे आणि कलंडणे ओळखतात. यंत्र उचलताच पाती थांबली पाहिजेत. या यंत्रांचे सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-१०७ हे आहे आणि खरेदी करताना त्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

हद्द ओळखण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. जुन्या पद्धतीत हिरवळीभोवती तार टाकतात. तळ तिच्यात कमी दाबाचा विद्युत संकेत सोडतो आणि यंत्राला तो जाणवतो. नव्या पद्धतीत उपग्रहांच्या संकेतांना गच्चीवरच्या संदर्भ अँटेनाची जोड देऊन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा काढतात. हिला आरटीके म्हणतात. काही यंत्रांत कॅमेरा किंवा लायडारही (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) असतो.

पुण्यात कोणती पद्धत घ्यावी हे आकाश किती मोकळे आहे यावर ठरते. प्रभात रोड, मुकुंदनगर यांसारख्या जुन्या बंगल्यांच्या भागांत हिरवळीवर आंब्याची सावली असते आणि शेजारी पुनर्विकासाची उंच इमारत उभी असते. झाडाखाली उपग्रह दिसत नाहीत, इमारतीच्या भिंतीवरून संकेत परावर्तित होतात आणि यंत्र मध्येच थबकते. अशा ठिकाणी तार किंवा लायडार बरा. बाणेर-पाषाणकडच्या मोकळ्या प्लॉटवर आरटीके चांगले चालते. मात्र यंत्र परदेशातून आणलेले असेल तर अँटेनाची रेडिओ लहर तपासावी. भारतात या कामासाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. अमेरिकेसाठी बनवलेली यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ती इथे घेऊ नयेत.

जागेची पारख

पुण्यातल्या बंगल्याची किंवा रो-हाउसची हिरवळ हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर भरली तरी मोठी म्हणतात. घरगुती यंत्रांची क्षमता तीनचारशे चौरस मीटरच्या वर असते, तेव्हा क्षेत्रफळाची चिंता नको. अडचण कडेची असते. पाती यंत्राच्या कडेपासून आत असल्यामुळे भिंतीलगत निदान १५ सेंटिमीटरचा पट्टा कापला जात नाही. १० बाय ९ मीटरच्या हिरवळीत हा पट्टा साडेपाच चौरस मीटर भरतो, म्हणजे सहा टक्के हिरवळ हाताने कापायची राहते. यावर चांगला उपाय म्हणजे कडेने ३० सेंटिमीटर रुंद शहाबादी फरशी हिरवळीच्या पातळीत बसवणे. चाक फरशीवरून जाते आणि पाती गवताच्या शेवटापर्यंत पोहोचतात. फरशी जमिनीपेक्षा वर राहिली तर हा उपयोग संपतो.

एक मीटरपेक्षा अरुंद बोळ शक्य तर टाळावा. उतार मीटरमागे ३५ सेंटिमीटरपर्यंत बहुतेक यंत्रांना चालतो, पण हद्दीच्या तारेजवळ १५ सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर ओल्या गवतावरून यंत्र हद्दीबाहेर घसरते. झाडांच्या आळ्यांना विटांची उभी कड असावी. पाण्याची रबरी नळी, खाली लोंबणारी ठिबकची पाइप आणि जमिनीतून वर आलेली मुळे यंत्राला अडथळा म्हणून कळत नाहीत. ते त्यांच्यावर चढते.

तळ सपाट जागी, सावलीत, पुढे दोन ते तीन मीटर मोकळी जागा ठेवून बसवावा. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये तिथली हवा इतकी तापते की बॅटरी चार्ज घ्यायचे थांबवते. अडॅप्टर जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर भिंतीला टांगावा आणि बागेच्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

तार टाकणे

भिंत किंवा पाच सेंटिमीटरहून उंच कड असेल तर तार ३० ते ३५ सेंटिमीटर आत ठेवतात. फरशी हिरवळीच्या पातळीत असेल तर १० सेंटिमीटर पुरतात. नेमके अंतर यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावे. सुमारे ७५ सेंटिमीटरवर खुंट्या ठोकून तार जमिनीलगत ताणतात. हरळीच्या जातीच्या गवतात पावसाळ्याच्या तोंडी टाकलेली तार काही आठवड्यांत धावत्या खोडांखाली दिसेनाशी होते. पुरायची असेल तर २० सेंटिमीटरपेक्षा खोल नको. कोपरा काटकोनात न वळवता गोलसर ठेवावा. हिरवळीच्या मधल्या वाफ्याभोवती तार नेताना जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटवून टाकतात. दोन्हींचे संकेत एकमेकांना मारतात आणि यंत्र त्यांच्यावरून बेधडक जाते.

काळ्या मातीत तार अगदी ताणून ठेवू नये. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि जोड ओढून तोडते. दर चार-पाच मीटरला हातभर ढील ठेवली की हा त्रास टळतो. जोडासाठी जेल भरलेले कनेक्टरच वापरावेत. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेल्या जोडात पहिल्याच पावसाळ्यात हिरवा गंज चढतो.

गवत आणि उंची

पुण्याच्या नर्सऱ्यांत ‘सिलेक्शन वन’ आणि ‘मेक्सिकन’ लॉनचे गालिचे सर्रास मिळतात. नवा गालिचा अंथरल्यावर तीन-चार आठवडे रोबो सोडू नये. हाताने धरून ओढल्यावर तो उचलला गेला नाही म्हणजे मुळे धरली असे समजावे. त्याआधी सोडले तर चाके वळताना गालिचाचे कोपरे उलटतात. गवत १० सेंटिमीटरच्या वर गेलेले असेल तर आधी साध्या मॉवरने खाली आणावे. रोबोची उंची सुरुवातीला ५० मिलिमीटरवर ठेवून दर चार-पाच दिवसांनी ५ मिलिमीटरने उतरवावी. ‘सिलेक्शन वन’ उन्हात ३० मिलिमीटरवर सुरेख दिसते. सावलीत ४५च्या खाली आणू नये, कारण तिथे गवताच्या पात्यांना मिळेल तेवढा प्रकाश हवा असतो.

लव्हाळा रोबोने जात नाही. त्याच्या गाठी जमिनीत असतात आणि वरचा भाग कापला तरी दोन दिवसांत शेंडा पुन्हा गवताच्या वर येतो. पाऊस पडून माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढणे हाच त्यावरचा इलाज आहे.

पावसाळा

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. गवत याच दिवसांत सर्वांत वेगाने वाढते आणि यंत्राला फिरणेही याच दिवसांत सर्वांत कठीण जाते.

पहिली गफलत पर्जन्य सेन्सरची. पावसाचा थेंब लागला की यंत्र तळावर जाते आणि सुकल्यानंतर ठरावीक तास थांबते. जुलैतली रिपरिप आठवडाभर चालली तर सेन्सर सुकतच नाही, यंत्र जागचे हलत नाही आणि तोवर गवत बरेच वाढते. मग उघडीप मिळताच तबकडी ओल्या गवतात अडकते. म्हणून जूनमध्येच थांबण्याचा काळ कमीत कमी करावा, उंची ५ ते १० मिलिमीटरने वाढवावी आणि सकाळी ११ ते दुपारी ४ ही वेळ रोजची ठेवावी. दोन सरींमधली तासाभराची उघडीपही कामी येते.

दुसरी अडचण मातीची. गवताखाली काळी माती असेल तर ती तुकड्यांत कालवली जाऊन तबकडीखाली गच्च बसते आणि चाकांच्या खाचा भरते. चाक जागीच फिरते, सालपट निघते आणि त्या खड्ड्यात पाणी साचते. दुसऱ्या दिवशी यंत्र नेमके तिथेच रुतते. अशा बागेत उन्हाळ्यात वाळू, पोयटा आणि चाळलेले शेणखत समप्रमाणात मिसळून अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर द्यावा आणि खोलगट जागा भरून घ्याव्यात. वाळूने पाती लवकर बोथट होतात, पण चिखलापेक्षा ते परवडते. मुरमाच्या भरावावर वीतभर लाल माती टाकलेल्या हिरवळीत पाणी झटकन मुरते आणि तिथे रोबो पावसाळाही निभावून नेतो.

पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी पोट साफ करावे. आधी मुख्य स्विच बंद करावा, हातमोजे घालावेत, यंत्र उलटे करून ब्रश आणि प्लास्टिकच्या पट्टीने चिखल खरवडावा. प्रेशरचे पाणी मारू नये. आयपीएक्स४ किंवा आयपीएक्स५ हे शिक्के शिंतोड्यांपुरते किंवा साध्या धारेपुरते असतात. पाणी तुंबणाऱ्या जागी तळ ठेवला तर त्यांचा काही उपयोग नाही.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात विजा फार असतात. हद्दीची तार हा बागभर पसरलेला मोठा वाहक आहे. आभाळ भरून येताच अडॅप्टर काढावा आणि तारेची दोन्ही टोके तळापासून सोडवावीत. एवढे न केल्याने तळाचा सर्किट बोर्ड जळू शकतो.

बाकीचे दिवस

ऑक्टोबरमध्ये वेळ हळूहळू कमी करावा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की हरळीच्या जाती मंदावतात आणि आठवड्यातून दोन दिवस पुरतात. उन्हाळ्यात उंची पुन्हा ४० मिलिमीटरपर्यंत न्यावी म्हणजे मुळांवर सावली राहते. गवत पाण्यावाचून तपकिरी पडले असेल तर यंत्र थांबवावे, नुसती धूळ उडते. बहुतेक वेळापत्रके यंत्रातच साठवलेली असतात, त्यामुळे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी ती पुसली जात नाहीत. मात्र वीज आल्यावर यंत्र तळावर चार्ज होते आहे ना, हे एकदा पाहावे.

दिवाळीनंतर यंत्र सुरू करण्याआधी हिरवळ हाताने चाळावी. फुलबाजांच्या जळालेल्या तारा गवतात उभ्या रुतून बसतात आणि वरून दिसत नाहीत. तबकडीला अशी तार लागली की पात्याला दाता पडतो, किंवा तार आसाभोवती गुंडाळून मोटर बंद पडते. लोखंडी दाताळ्याने, किंवा दोरी बांधलेला लोहचुंबक जमिनीवरून ओढत नेऊन, त्या निघतात. आंब्याच्या कोयी, देशी बदामाची फळे, गुलमोहराच्या शेंगा आणि नारळाची झावळी यांचीही रोज सकाळी झाडलोट हवी.

घरच्या गणपतीसाठी दूर्वा लागत असतील तर हरळीचा मीटरभर चौकोन तारेच्या बाहेर ठेवावा. रोबोखालच्या गवताला वर कोवळे त्रिदल येतच नाही, आणि भाद्रपदाच्या आधी तीन आठवडे चौकोन न कापता सोडला की पुरेशा जुड्या निघतात.

पाती आणि बिघाड

कापलेल्या गवताच्या पात्याचा शेंडा जवळून पाहावा. धारदार ब्लेडने कापलेला शेंडा सरळ आणि हिरवा असतो. बोथट ब्लेड तो फाडते. मग टोकाला पांढरट तंतू लोंबतात, दुसऱ्या दिवशी ते तपकिरी होतात आणि दमट हवेत तिथूनच बुरशी शिरते. वाळू-मातीच्या हिरवळीत पाती महिन्या-दीड महिन्याने बदलावी लागतात. दुधारी असतील तर मधेच उलटवून घेता येतात. तिन्ही एकदम बदलावीत आणि स्क्रूही नवे घालावेत, कारण झिजलेल्या स्क्रूतून पाते सुटून उडू शकते.

‘तारेचा संकेत नाही’ ही पुण्यात नेहमीची तक्रार आहे. तारेला खुरपे लागलेले असते किंवा घुशीने ती कुरतडलेली असते. मल्टिमीटरने दोन टोकांमध्ये सातत्य, म्हणजे तार अखंड आहे का ते, तपासावे. नसेल तर मधला एखादा जोड सोडून दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासत जावे, तीन-चार वेळा निम्मे केले की तुटलेली जागा सापडते. यंत्र तळावर असूनही चार्ज होत नसेल तर पितळी संपर्कपट्ट्या काळवंडलेल्या असतात. बारीक पॉलिश पेपरने त्या घासाव्यात. यंत्र एकाच जागी गोल फिरत असेल तर आधी चाकाभोवतीचे गवत आणि दोरे काढावेत, मोटरवर शंका त्यानंतर घ्यावी.

सुरक्षितता

यंत्र चालू असताना लहान मुले आणि पाळीव कुत्री हिरवळीवर नसावीत. धडकेचा सेन्सर उंच वस्तूला उपयोगी पडतो, जमिनीलगतच्या हाताला किंवा शेपटीला नाही. संध्याकाळनंतर यंत्र सोडू नये. पावसाळ्यात बेडूक आणि गोगलगायी अंधार पडताच हिरवळीवर येतात आणि धोक्याची चाहूल लागली की पळण्याऐवजी जागीच दबून बसतात. युरोपात साळूसारख्या काट्यांच्या हेजहॉगला रात्रीच्या रोबोमुळे जखमा होतात म्हणून दिवसाच कापण्याचा आग्रह धरला जातो. इथे त्यांची जागा बेडकांची आहे. पिन कोड आणि चोरीचा अलार्म पहिल्याच दिवशी चालू करावा.

यंत्र महिनाभरापेक्षा जास्त बंद ठेवायचे असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून कोरड्या, थंड खोलीत ठेवावी. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच राहिली तर पुन्हा चार्ज घेत नाही. निकामी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. यंत्र बाहेरून मागवले असेल तर ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.