साथीचे विषाणू आणि लैंगिक आरोग्य: संशोधनाची पार्श्वभूमी

गालगुंडाच्या साथीत पुरुषांचे वृषण सुजतात, हे हिपोक्रेटिसच्या ग्रंथात ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातच आलेलं आहे. थासोस बेटावरच्या साथीचं ते वर्णन. एवढं जुनं निरीक्षण हाताशी असूनही साथ आणि कामजीवन यांचा अभ्यास म्हणून विचार व्हायला विसावं शतक संपत आलं. १९१८च्या इन्फ्लुएन्झाबद्दल गरोदर स्त्रियांचे मृत्यू आणि घटलेले जन्म यांचे आकडे मिळतात, पण त्या काळात जोडप्यांचं काय झालं याची पद्धतशीर नोंद शोधूनही फारशी सापडत नाही. ‘लैंगिक आरोग्य’ या शब्दाची व्याख्याच मुळी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५च्या अहवालात झाली.

मग आला एचआयव्ही. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली आणि पुढची दीड-दोन दशकं एकाच प्रश्नाभोवती गेली: संभोगातून विषाणू पसरतो, तर तो अडवायचा कसा? प्रश्न रास्तच होता, माणसं मरत होती. पण त्यात समागम म्हणजे धोका, हेच समीकरण पक्कं झालं. बाधितांच्या इच्छेचा, सुखाचा, मूल हवं असण्याचा विचार १९९६नंतर, एकत्रित औषधोपचारांनी आयुष्य वाढल्यावर, जरा मोकळेपणाने होऊ लागला. २०११मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. कित्येक जोडप्यांच्या मनावरचं ओझं या एका निष्कर्षाने उतरवलं असेल.

पश्चिम आफ्रिकेत पसरलेल्या इबोला या जीवघेण्या तापाने वेगळीच गोष्ट पुढे आणली. रक्तातून नाहीसा झालेला विषाणू वीर्यात दडून राहतो. सिएरा लिओनमधल्या ९३ पुरुषांच्या तपासणीत, ज्यांच्या आजाराला सात ते नऊ महिने झाले होते त्यांतल्याही २६ टक्के जणांच्या वीर्यात विषाणूचे अंश सापडले. डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूच्या २०१६च्या साथीतही याच अंगाने शोध झाला.

२०२०मध्ये कोविड आला तेव्हा पहिला प्रश्न तोच, सवयीचा: विषाणू वीर्यात सापडतो का? मे महिन्यात चीनमधल्या ३८ रुग्णांपैकी सहा जणांच्या वीर्यात तो आढळल्याचं प्रसिद्ध झालं आणि खळबळ उडाली. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत तो सापडला नाही. त्याच सुमारास संशोधनाचा ओघ दुसरीकडे वळला होता. टाळेबंदीत लोक घरी होते, हातात मोबाइल होता, त्यामुळे ऑनलाइन सर्वेक्षणांचा पूर आला.

या सर्वेक्षणांचे निष्कर्ष वाचताना मला नेहमी त्यांची प्रश्नावली आठवते. स्त्रियांसाठीच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत १९ प्रश्न आहेत आणि ते गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारतात. बऱ्याच प्रश्नांना ‘या काळात संबंध आलाच नाही’ असा पर्याय आहे, आणि त्याला गुण शून्य. आता समजा, नवरा टाळेबंदीत दुसऱ्या गावी अडकून पडलाय. ती बाई ठणठणीत आहे, पण तिच्या एकूण गुणांवरून ती ‘लैंगिक समस्या’ असलेल्यांत जाऊन बसते. ही त्रुटी कोविडच्या कितीतरी आधी दाखवून दिलेली होती. शिवाय फॉर्म भरणारे स्वतःहून आलेले, आणि साथीआधी त्यांचं कसं चाललं होतं याची नोंद बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणून ‘कोविडने लैंगिक समस्या वाढवल्या’ असं ठामपणे सांगणाऱ्या लेखांकडे जपून पाहावं. ब्रिटनसारख्या देशात लैंगिक जीवनाबद्दलच्या जुन्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आधार घेऊन काम झालं, त्याचं वजन अर्थातच जास्त.

आरोग्यसेवा मिळण्याचा प्रश्न मात्र ठोस होता. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने मार्च २०२१मध्ये अंदाज दिला, की सुमारे १ कोटी २० लाख स्त्रियांना गर्भनिरोधकं मिळण्यात खंड पडला आणि त्यातून १४ लाख नको असलेल्या गर्भधारणा झाल्या.

सर्वांत उशिरा विचारला गेला तो पाळीचा प्रश्न. कोविडच्या लशींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये मासिक पाळीतल्या बदलांची पद्धतशीर नोंदच ठेवलेली नव्हती. लस घेतल्यावर पाळी पुढे गेली, रक्तस्राव जास्त झाला, असं हजारो जणी सांगू लागल्या आणि बराच काळ त्यांना ‘ताण असेल’ हेच उत्तर मिळालं. याचा मला आजही राग येतो. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पाच ठिकाणच्या अभ्यासांना पैसे दिले. जानेवारी २०२२मध्ये, लसीकरणाला वर्ष उलटून गेल्यावर, जवळपास चार हजार जणींच्या पाळीच्या ॲपमधल्या नोंदींवरून पहिलं भरवशाचं उत्तर आलं: पाळीचं चक्र लांबतं, पण सरासरी एका दिवसाहूनही कमी.