व्हॉल्व्ह जपायचा तर त्याचा पत्ताही जपा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचा, रेडिओ दिसला, की बहुतेकांची नजर आधी लाकडी कॅबिनेटवर जाते. पाहायला हवा तो मागचा पुठ्ठा. त्याच्या आतल्या बाजूला किंवा कॅबिनेटच्या तळाशी अनेकदा एक कागद डकवलेला असतो. कोणत्या सॉकेटात कोणता व्हॉल्व्ह, याचा तो नकाशा. कधी त्याच्या शेजारी कुणा मेकॅनिकनं पेन्सिलीनं दुरुस्तीची तारीख टाकलेली असते. सुटे व्हॉल्व्ह आजही मिळतात, पण या कागदापासून एकदा तुटलेला व्हॉल्व्ह कुठला, कुणाचा, कशात चालला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकही व्हॉल्व्ह उपसण्याआधी पुठ्ठ्याचा, चासीचा (आतल्या धातूच्या सांगाड्याचा) आणि प्रत्येक सॉकेटचा फोटो काढावा.

१९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी इंग्लंडमध्ये दोन इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रीड, घातला. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे ओढले जातात. मधल्या ग्रीडवरचं थोडंसं व्होल्टेज हा प्रवाह कमी-जास्त करतं. क्षीण सिग्नल मोठा होतो तो असा. पुढचं अर्धं शतक दूरध्वनी, रडार, बोलपट, रेडिओ सगळं यावर चाललं. १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभातच्या बोलपटांचा आवाज आणि २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेल्या आकाशवाणी पुणे केंद्राचे पहिले कार्यक्रम, दोन्ही व्हॉल्व्हमधूनच गेले.

रेडिओतला ईएल८४, म्हणजे स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह, हातात घेऊन उजेडात धरा. मधोमध राखाडी प्लेट, तिच्या आत तारांच्या वेटोळ्यांचे ग्रीड आणि सगळ्यांच्या मध्यभागी निकेलची बारीक नळी, म्हणजे कॅथोड. या नळीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. हीटरनं तो सात-आठशे अंशांपर्यंत तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. लेप थकला की मेकॅनिकच्या भाषेत ‘इमिशन गेलं’. काचेच्या टोकाशी आतून चंदेरी आरसा दिसतो, तो गेटर. कारखान्यात हवा काढून घेतल्यावर आत बेरियमची वाफ करून हा थर चढवतात, म्हणजे उरलासुरला वायू तो शोषून घेतो. आरसा दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह चालवायचा प्रश्नच नाही. चंदेरी डाग लहान किंवा कडेला तपकिरी झाला असेल, तर मात्र एवढ्यावरून घाबरू नये.

नंबर वाचता आला की निम्मी ओळख पटते. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा १.४ व्होल्टचा. पुढची अक्षरं काम सांगतात. ‘सी’ ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडांचा), ‘एफ’ पेंटोड (पाचांचा), ‘एच’ हेक्सोड किंवा हेप्टोड (सहा किंवा सातांचा), ‘एल’ आउटपुट, ‘एम’ ट्यूनिंगचा हिरवा डोळा, ‘वाय’ आणि ‘झेड’ रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा. आकडा आठनं सुरू झाला तर सॉकेट नऊ पिनांचं.

छापलेल्या नावावर मात्र विसंबू नये. फिलिप्सच्या गटातले कारखाने एकमेकांचा माल आपापल्या नावानं विकत. खरं गाव कळतं ते काचेच्या तळाजवळ कोरलेल्या फिकट राखाडी खुणांवरून, आणि त्या भिंगातून, तिरप्या उजेडातच दिसतात. दुसऱ्या ओळीतली पहिली खूण कारखान्याची. ‘बी’ असेल तर इंग्लंडचं ब्लॅकबर्न, लहान त्रिकोण असेल तर हॉलंडचं हेर्लेन. नंतर वर्षाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर (‘ए’ म्हणजे जानेवारी) आणि महिन्यातला आठवडा. दशक सांगितलेलं नसतं. ते प्लेटची घडण, गेटरच्या कड्याचा आकार आणि छपाईवरून ठरवावं लागतं.

ब्रिटिश मुलार्ड कंपनीच्या व्हॉल्व्हच्या मागे सगळेच लागतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, म्हणजे ‘बीईएल’चे व्हॉल्व्ह मात्र स्वस्त म्हणून बाजूला टाकले जातात, आणि हे फार चुकतं. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीनं १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. परदेशी व्हॉल्व्हची नोंद जगभर शेकडो लोक ठेवतात, बीईएलच्या खोक्यांवरची छपाई, किंमत आणि खुणा टिपून ठेवण्याचं काम आपल्याशिवाय कुणी करणार नाही.

आता तपासणी. पहिली पायरी मल्टिमीटरची. ईएल८४ चा हीटर चार आणि पाच नंबरच्या पिनांवर असतो, थंड असताना तो एक-दोन ओहमच दाखवतो. या दोघींपासून बाकीच्या पिनांकडे काहीही दिसता कामा नये. डीके९६ सारख्या बॅटरीच्या व्हॉल्व्हला काट्याचा जुना मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर लावू नका. त्या रेंजवर मीटरमधून जाणारा प्रवाह २५ मिलिअँपिअरच्या फिलामेंटला (तापणाऱ्या बारीक तारेला) जाळू शकतो. डिजिटल मीटर चालेल.

रेडिओ अनेक वर्षांनी चालू करताना मेनच्या वायरीत सिरीजमध्ये ४० किंवा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब घाला (एलईडी उपयोगाचा नाही). बल्ब झगझगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आत अडीचशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स लावून तो रिकामा करा आणि मीटरनं खात्री करा. ‘यू’ मालिकेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट मेनशी जोडलेली असते. बटणाचा उघडा स्क्रूसुद्धा जीव घेऊ शकतो, त्यामुळे मेनपासून वेगळं करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला हात लावू नये.

चांगले आउटपुट व्हॉल्व्ह सर्वाधिक मरतात ते एका छोट्या कंडेन्सरमुळे. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून ईएल८४ च्या ग्रीडकडे येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर दमट हवेत गळू लागतो. ग्रीड धन होते, प्रवाह बेसुमार वाढतो आणि प्लेट लाल होते. रेडिओ चालू असताना दोन नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रीडवर, अर्ध्या व्होल्टहून जास्त धन व्होल्टेज दिसलं तर बंद करून ईएल८४ काढा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. व्होल्टेज तसंच असेल तर दोष कंडेन्सरचा. ६३० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळतो. व्होल्टेज गेलं तर व्हॉल्व्हमध्येच वायू आहे किंवा त्याची ग्रीड इलेक्ट्रॉन सोडते आहे. ही युक्ती ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओपुरतीच. ‘यू’ मालिकेत सगळे हीटर एका माळेत असतात, एक काढला की सगळे विझतात.

ग्रीड ठीक असेल तर तीन नंबरची पिन, कॅथोड. प्लेटवर २५० व्होल्ट आणि कॅथोडला १३५ ओहम असताना तिथे सात व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. पुरवठा बरोबर असून तीनच मिळाले तर इमिशन उतरलं आहे. काचेवर दिसणारी निळसर आभा निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडांच्या मध्ये जांभळा-गुलाबी धूर भरल्यासारखा दिसला तर आत वायू आहे.

स्वच्छतेच्या हौसेनं सर्वाधिक इतिहास पुसला जातो. काचेवरची छपाई ओल्या बोटानंही निघते, म्हणून व्हॉल्व्ह तळाशी धरावा आणि धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटकावी. स्पिरिट फक्त पिनांना, तेही कापसाच्या काडीनं. पिना वाकड्या असतील तर जोर लावू नये. काच आणि पिन यांच्या सांध्याला तडा गेला की हवा आत. पुण्यातल्या पावसाळ्यात खोक्यांना बुरशी धरते आणि पिना गंजतात, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवावं आणि रंग बदलला की १२० अंशांवर दोनेक तास भाजून पुन्हा वापरावं. फोम आणि रबरबँड नकोत, काही वर्षांत दोन्ही चिकट होतात. काचेवर स्टिकर लावू नये. सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधावी आणि तीवर पेन्सिलीनं नोंद क्रमांक घालावा. ८६६ए सारख्या रेक्टिफायरमध्ये पारा असतो. तो उभाच ठेवावा, आणि फुटला तर झाडू न लावता खिडक्या उघडून खोलीबाहेर पडावं. रडारच्या आणि व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या काही व्हॉल्व्हमध्ये किरणोत्सारी द्रव्य घातलेलं असे. ते मेलेले असले तरी फोडू नयेत.

नोंदवहीत नंबर, छपाई, कोरीव खुणा, मोजमापं आणि तारीख हवीच. तितकंच महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्व्ह कोणत्या मॉडेलमधून, कोणत्या पेठेतून किंवा गावातून आला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्यानं पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. त्यात सुमारे दीडशे गावं होती. अशा एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीतून डीके९६ मिळाला आणि सोबत गावाचं नाव नसेल, तर तो बाजारात मिळणाऱ्या इतर डीके९६ सारखाच एक होऊन बसतो.

पेठांमधल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांकडे दुरुस्तीच्या वह्या अजून असू शकतात. तारीख, मॉडेल, बिघाड, बदललेला व्हॉल्व्ह, घेतलेले पैसे असं एकेका ओळीत सगळं लिहिलेलं. रेडिओ विकत घेण्याआधी ही वही मागावी. मालकाच्या परवानगीनं तिची पानं स्कॅन करावीत, गिऱ्हाइकांची नावं झाकावीत आणि आपल्या नोंदीत प्रत्येक व्हॉल्व्हपुढे वहीचा पान क्रमांक लिहावा. मेकॅनिक बोलायला तयार असतील तर ‘कोणत्या कंपनीचा कोणता व्हॉल्व्ह सर्वाधिक परत यायचा?’ एवढं तरी विचारून रेकॉर्ड करून ठेवावं.