इंग्लंडचे ‘हंड्रेड’ आल्फ्रेडने पाडले नाहीत

राजा आल्फ्रेडने इंग्लंडचे ‘हंड्रेड’ (आपल्या परगण्यासारखे विभाग) पाडले, असं बाराव्या शतकात माम्सबरीच्या विल्यम या इतिहासकार भिक्षूने लिहिलं आणि पुढच्यांनी त्याचीच री ओढली. आल्फ्रेड वारला ८९९ साली. त्याच्या कायद्यांत हंड्रेडचा पत्ताच नाही. ते ठळकपणे दिसतात दहाव्या शतकाच्या मध्यातल्या एका फर्मानात: दर चार आठवड्यांनी सभा भरवा, चोरांचा माग काढा. निम्मी चिंता चोरीला गेलेल्या गुरांचीच!

पॅरिश म्हणजे हंड्रेडचे पोटविभाग, हेही अर्धसत्य. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग; ती मुळात चर्चची, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) गोळा करणारी. काहींची हद्द तर दोन हंड्रेडांत पसरलेली. गोरगरिबांसाठी कर वसूल करण्याचं सरकारी काम त्यांच्या गळ्यात पक्कं पडलं ते १६०१ च्या कायद्याने.