चाळीपासून दुसऱ्या फ्लॅटपर्यंत: मुंबईतील भाड्याच्या इमारतींच्या अर्थकारणाची पार्श्वभूमी

भाड्याच्या उत्पन्नासाठी स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवू पाहणारा माणूस आज मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात बहुधा दुसरा फ्लॅट घेतो. आठ-दहा बिऱ्हाडे राहू शकतील अशी अख्खी इमारत घ्यावी आणि येणाऱ्या भाड्याच्या बळावर तिच्यासाठी कर्ज काढावे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आणि आला, तरी गृहकर्जाच्या नेहमीच्या चौकटीत तो बसत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत स्थिती नेमकी उलट होती. फ्लॅट विकत घेण्याची रीत रुळलेली नव्हती, शहरातील बहुसंख्य लोक भाड्याने राहत आणि ज्याच्याजवळ शिल्लक पैसा असे तो चाळ बांधी किंवा बांधलेली चाळ विकत घेई. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे कायद्यांची आणि कर्जव्यवहाराची एक मोठी साखळी आहे, आणि नव्या गुंतवणूकदाराला आज ज्या अडचणी येतात त्यांतील बहुतेकींचे मूळ तिच्यात सापडते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगाराला गिरणीपासून चालत जाता येईल अशी जागा हवी होती. ती गरज मुख्यतः खासगी मालकांनी भागवली. लांबलचक व्हरांडा, त्याला लागून ओळीने खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि संडास, अशी ही रचना कमी खर्चात अधिकाधिक खोल्या बसवण्यासाठीच होती. एका खोलीचे भाडे एकट्या कामगाराला परवडत नसे, म्हणून एका गावचे लोक मिळून खोली घेत आणि भाडे वाटून भरत. लालबाग-परळमधील गावकीच्या खोल्या त्यातूनच आल्या. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. एक बिऱ्हाड गेले किंवा एकाचे भाडे थकले, तरी उरलेल्या खोल्यांतून पैसा येतच राहतो. अनेक खोल्यांच्या इमारतीचे हे बळ आजही तेच आहे, आणि एकच फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला ते मिळत नाही.

या चाळींसाठी पैसा कोठून येत असे, हा भाग फारसा सांगितला जात नाही. पुष्कळ ठिकाणी जमीन विकत घ्यावीच लागत नसे. फजंदारी जमिनीवर जमीनमालकाला भुईभाडे देऊन दुसराच कोणी चाळ बांधी, त्यामुळे सुरुवातीचे भांडवल बरेच कमी लागे. काही मालक संपूर्ण चाळ मक्त्याने देत. मक्तेदार मालकाला ठरलेली रक्कम भरी आणि खोल्या स्वतः भाड्याने लावून वरचा नफा ठेवी. कर्जाच्या बाबतीत मुंबईला आणखी एक सोय होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या मोजक्याच शहरांत केवळ मालकीचे दस्तऐवज धनकोकडे ठेवून गहाण निर्माण करण्याची मुभा दिली. गहाणखत लिहून त्याची नोंदणी करण्याचा खर्च आणि वेळ त्यामुळे वाचे. चाळीचे कागद पेढीवर ठेवायचे, उचल घ्यायची, भाड्यातून व्याज फेडायचे आणि जमल्यास त्याच पैशातून दुसरी चाळ उभारायची, हा व्यवहार या तरतुदीमुळे सुकर झाला. कागदाला किंमत होती, कारण त्यामागे दरमहा येणारे आणि गरजेप्रमाणे वाढवता येणारे भाडे होते.

सरकारनेही हाच धंदा करून पाहिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कर्जरोखे काढून वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) आले. पन्नास हजार खोल्या बांधण्याची योजना होती. कर्ज उभारले गेले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला गेला, आणि प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस आणि इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट, हा बीडीडी चाळींचा साचा. बांधकामाचा खर्च इतका चढला की त्यावर परतावा मिळेल असे भाडे कामगाराला परवडेना, आणि १९२० च्या दशकात यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. कर्जाचा हप्ता आणि भाडेकरूची ऐपत यांचा मेळ बसला नाही तर घरांची कितीही टंचाई असली तरी इमारत चालत नाही, याचा हा मुंबईतील पहिला मोठा पुरावा होय.

भाडेनियंत्रणाची सुरुवात १९१८ च्या युद्धकालीन कायद्याने झाली. युद्धामुळे बांधकाम थंडावले होते, कामगार मात्र येतच होते, आणि मालक मनमानी भाडे मागत होते. तेव्हा सरकारने हात घातला हे योग्यच होते. तो कायदा काही वर्षांनी निकाली निघाला आणि भाड्यासाठी बांधणे पुन्हा सुरू झाले. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्ह येथे १९३० च्या दशकात व नंतर उभ्या राहिलेल्या देखण्या इमारतींतील पुष्कळशा भाड्यानेच देण्यासाठी बांधलेल्या होत्या. विमा कंपन्यादेखील या इमारतींत पैसा घालत, कारण दीर्घ मुदतीच्या देण्यांना दीर्घ मुदतीचे भाडे-उत्पन्न जुळून येत असे. १९५६ च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांच्या इमारती आयुर्विमा महामंडळाकडे गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात नियंत्रण परत आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या शहरात भाडेकरूला असे संरक्षण देणे आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चूक झाली ती पुढे. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षे चालला आणि १९४० चा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. भाडे गोठले, पण विटा, चुना, लाकूड आणि मजुरी यांचे दर गोठले नाहीत. मालकाने डागडुजी सोडली, तुळया कुजल्या, व्हरांडे कोसळू लागले. त्यात जीव गेले ते भाडेकरूंचे, ज्यांच्यासाठी कायदा होता. शेवटी १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावे लागले. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती.

धनकोच्या दृष्टीने तर चाळीचे मोलच संपले. ज्या भाड्यातून दुरुस्तीसुद्धा भागत नाही त्यातून कर्जाचे व्याज कोठून फिटणार? खोलीची खरी किंमत मात्र नाहीशी झाली नव्हती. ती भाड्यातून निघेना म्हणून पागडीच्या रूपाने बाहेर आली. नवा भाडेकरू खोलीचा ताबा घेताना मोठी रक्कम रोख मोजी. जुना भाडेकरू त्यातील मोठा वाटा घेई, मालकाला रूढीने बहुधा एक-तृतीयांशाच्या आसपास हिस्सा मिळे, आणि दरमहा काही रुपयांची भाडेपावती नव्या नावाने फाटे. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते, तरी ती सर्रास चालली. पण ज्या रकमेची पावती नाही तिच्यावर कोणती बँक कर्ज देणार? त्यामुळे पागडीच्या घराचा व्यवहार आयुष्यभर साठवलेल्या रोख पैशावर किंवा सावकाराच्या कर्जावर होत राहिला.

बांधकामाचा पैसा दुसरीकडे वळला. गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्येच उभी राहिली होती. भाडे गोठल्यावर मालकीचा हाच मार्ग शहराने सर्वत्र स्वीकारला. इमारत बांधून ती भाड्याने देण्याऐवजी फ्लॅट विकून पैसे मोकळे करणे विकासकाला सोयीचे झाले. सहकारी संस्थांचा कायदा १९६० मध्ये आणि मालकी फ्लॅटविषयीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ मध्ये आला. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदार माणसाला घरासाठी हप्त्याने कर्ज मिळू लागले. ही मोठीच सुधारणा होती. परंतु या कर्जाचा सगळा हिशेब ऋणकोच्या पगारावर बेतलेला होता. इमारतीच्या भाड्यावर कर्ज देण्याची पद्धत तोवर मागे पडली होती.

अमेरिकेत नेमके याच काळात उलट घडले. तेथील मराठी मंडळी आपल्या नातेवाइकांना दोन ते चार बिऱ्हाडांची इमारत घेण्याविषयी सांगतात, तेव्हा त्यामागे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा कर्जविमा असतो. चार घरांपर्यंतच्या इमारतीत स्वतः एका घरात राहणाऱ्याला आज या विम्याखाली, आर्थिक पत बरी असल्यास, साडेतीन टक्के रक्कम भरून कर्ज मिळू शकते. पाच किंवा अधिक घरांची इमारत असेल, तर ती तिच्या स्वतःच्या भाडे-उत्पन्नावर जोखली जाते आणि खर्च वजा जाता उरणारे भाडे हप्त्याच्या किती पट आहे हे पाहिले जाते. भाडेनियंत्रण न्यूयॉर्कसारख्या शहरात तेथेही आहे. पण भाड्याच्या इमारतीला कर्ज देणारी संस्थात्मक व्यवस्था तेथे उभी राहिली आणि टिकली. ती पायरी आपल्याकडे मोडून पडली. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपल्याकडे पुढचा मोठा घाव १९७३ मध्ये बसला. भाडे कायदा टाळण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरता वापराचा परवाना देणाऱ्या, कराराने जागा देत होते. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध कराराने जागेत असलेला परवानाधारक संरक्षित भाडेकरू ठरला. ज्यांनी विश्वासाने जागा दिल्या होत्या त्यांच्या हातून त्या कायमच्या गेल्या. या धसक्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकले: घर कुलूप लावून ठेवू पण भाड्याने देणार नाही, हे वाक्य महाराष्ट्रातील अनेक घरांत ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, त्याला इतरही कारणे आहेत, पण ही भीती त्यांतील एक आहे.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली, करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळवण्याची जलद वाट दिली आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मंजूर केली. या वाढीचे मोल एका उदाहरणाने समजते: महिना २० रुपये भाड्याची खोली पंचवीस वर्षे दरवर्षी वाढवत नेली तरी ५३ रुपयांवर पोहोचते.

नव्या करारांपुरते पाहिले तर आज भाडे बाजारभावाने ठरते. तरीही पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याचे गणित सोपे नाही. एक कोटीचा फ्लॅट, त्यावर ७५ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरली तर हप्ता सुमारे ६५ हजार रुपये येतो. मुंबई परिसरात अशा फ्लॅटचे भाडे २५ हजार धरले, तर सोसायटीचे मेंटेनन्स आणि मालमत्ता कर जाऊन त्याहूनही कमी हाती पडते. उरलेला भार पगारातून उचलावा लागतो आणि सगळी भिस्त किंमत वाढण्यावर राहते. २०१७ च्या अर्थसंकल्पाने घरभाड्यातील तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातल्यापासून करसवलतीचा आधारही आखडला आहे.

घरांची संख्या वाढली की कर्जाचे स्वरूपच बदलते. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासूनचे कर्ज व्यापारी स्थावर मालमत्तेत मोडते, तसेच ज्याची फेड मुख्यतः भाड्यावर अवलंबून आहे तेही. भाड्याच्या करारावर कर्ज देण्याची सोय बँकांकडे आहे, पण ती प्रामुख्याने कार्यालये आणि दुकानांसाठी, जेथे भाडेकरू कंपनी पाच-नऊ वर्षांचा करार करते. निवासी करार मात्र नोंदणीच्या जुन्या नियमातून आलेल्या सवयीने आणि १९७३ च्या धसक्याने अकरा महिन्यांचा, फार तर दोन-तीन वर्षांचा केला जातो. पंधरा वर्षांच्या कर्जासमोर मालक अकरा महिन्यांचा कागद ठेवतो, आणि म्हणून बँक भाडे बाजूला सारून पुन्हा त्याच्या पगाराची स्लिपच मागते.