लाथ उंच कशी गेली : स्वसंरक्षणातील किकची पार्श्वभूमी

सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना समग्र शिक्षा अभियानाअंतर्गत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने स्वसंरक्षणाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात कराटे आणि तायक्वांदो यांचा मोठा वाटा असतो. अशा वर्गांच्या प्रात्यक्षिकांत सर्वाधिक टाळ्या मिळतात त्या डोक्याच्या उंचीवर गेलेल्या किकला. पण कोणी मनगट धरले, भिंतीशी रेटले किंवा मागून कवळ घातली, तर हीच किक कितपत कामी येते, हा पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या मनातला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर ही किक एवढ्या उंचीवर पोहोचली कशी, हे आधी पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये लाथांच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. पॅरिसच्या गल्ल्यांत जाड तळाचे बूट घातलेली माणसे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर आणि गुडघ्यावर लाथ मारत आणि हाताचा वापर उघड्या पंजाने चपराक मारण्यासाठी करत. मार्सेय बंदरातल्या खलाशांचा खेळ वेगळा होता. ते हलकी पादत्राणे घालून उंच लाथा मारत. मिशेल कासो याने 1825 मध्ये पॅरिसमध्ये शिकवणीची शाळा काढून गल्लीतल्या या लाथांच्या खेळाला, म्हणजे सावातला, शिस्त लावली, आणि पुढे शार्ल लकूर याने तिला इंग्रजी मुष्टियुद्धाची जोड दिली. सावातमध्ये बुटाच्या आतल्या कडेने नडगीवर मारायची खालची लाथ आजही शिकवली जाते. बूट हेच तिथे हत्यार होते, हा तपशील पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटेतही लाथेला मर्यादित जागा होती. जुन्या कातांमध्ये, म्हणजे सरावाच्या ठरावीक हालचालींच्या मालिकांमध्ये, लाथा थोड्या आहेत आणि त्या बहुतेक समोरून, कमरेच्या आसपास किंवा त्याखाली मारायच्या आहेत. इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कराटे ओकिनावाच्या शाळांत नेले आणि 1922 मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तोपर्यंत हे चित्र फारसे बदलले नव्हते. बदल झाला तो 1930 च्या दशकात, मुख्यतः फुनाकोशींचे चिरंजीव गिगो यांच्या हातून. लांब, खोल पवित्रे आणि बाजूने व वळवून मारायच्या उंच लाथा फुनाकोशींच्या शोतोकान या कराटेशैलीत रुजवण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. विद्यापीठांतल्या तरुण, लवचीक विद्यार्थ्यांनी ही शैली उचलून धरली, आणि 1957 मध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाल्यावर तिला हक्काचे मैदान मिळाले.

हेच कराटे शिकून कोरियात परतलेल्यांनी 1940 च्या दशकात तिथे आपापल्या शाळा काढल्या. त्यांतून घडलेल्या कलेला 1955 मध्ये तायक्वांदो हे नाव मिळाले, 1973 मध्ये सोलला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ती पदकांच्या खेळांत आली. तिच्या स्पर्धा-नियमांकडे बारकाईने पाहायला हवे, कारण माझ्या मते उंच किकचे खरे मूळ तिथेच आहे. या नियमांनुसार ठोसा तोंडावर मारता येत नाही, लाथ कमरेखाली मारता येत नाही आणि समोरच्याचा पाय धरता येत नाही. ठोशाला एक गुण मिळतो, छातीपोटावरच्या किकला दोन, डोक्यावरच्या किकला तीन आणि तीच वळून मारली तर पाच. तोंडावर ठोसा येणारच नाही आणि उचललेला पाय कोणी धरणार नाही, अशी दुहेरी खात्री असलेल्या खेळाडूने उंच लाथ मारणे अगदी शहाणपणाचे आहे. मात्र रस्त्यावर ही खात्री कोणीच देत नाही.

ज्यांना खऱ्या मारामारीची तयारी करून घ्यायची होती, त्यांनी लाथ खालीच ठेवली. 1907 मध्ये शांघायच्या महापालिका पोलिस दलात दाखल झालेले विल्यम फेअरबेर्न हे त्यातले सर्वांत ठळक उदाहरण. त्या बंदरातल्या गुन्हेगारीशी वर्षानुवर्षे झुंजून त्यांनी स्वतःची पद्धत बसवली आणि दुसऱ्या महायुद्धात तीच ब्रिटिश कमांडोंना शिकवली. तिच्यातली एक लाथ अशी आहे : समोरच्याने धरले असता बुटाची कड त्याच्या गुडघ्याखाली मारायची, ती नडगीवरून खरवडत खाली न्यायची आणि शेवटी सगळा भार टाकून त्याच्या पायाचा पंजा तुडवायचा. हिला लवचीकता लागत नाही, अंतर लागत नाही, आणि तोल गेलाच तर तो समोरच्याच्या पायावरच जातो. हिच्याइतका नेटका डाव मला दुसरा दिसत नाही.

पुढे रिंगणातही याचा पडताळा आला. 1988 मध्ये अमेरिकी किकबॉक्सर रिक रूफस याने थायलंडच्या चांगपुएक कियात्सोंगरितचा जबडा पहिल्याच फेरीत मोडला, तरी थाई योद्ध्याने मांडीवर एकामागून एक आखूड लाथा हाणून त्याला उभे राहणे अशक्य करून सोडले. बुटाशिवाय मारलेली लाथ मारणाऱ्यालाही महागात पडते, हेही दिसले. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये झालेल्या यूएफसी या वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांच्या पहिल्या स्पर्धेत सावातपटू जेरार्ड गोर्दो याने खाली पडलेल्या तैला तुलीच्या तोंडावर लाथ मारली. तुलीचा दात उडाला, पण दातांचे तुकडे गोर्दोच्या अनवाणी पायात रुतले. त्याच रात्री अंतिम लढतीत ब्राझीलचा जुजुत्सूपटू रॉइस ग्रेसी याने गोर्दोला जमिनीवर घेऊन त्याचा गळा आवळला. 2013 मध्ये यूएफसीच्याच एका लढतीत अँडरसन सिल्वाची लाथ ख्रिस वाइडमनने पाय उचलून अडवली, तेव्हा मोडला तो सिल्वाचाच पाय.

उंच किक निकामी आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 2011 मध्ये याच सिल्वाने हनुवटीवर समोरून लाथ मारून व्हिटोर बेलफोर्टला लोळवले होते. परंतु ती लाथ अनेक वर्षांच्या सरावाची होती, सपाट मॅटवर, अनवाणी पायांनी, अंग तापवून आणि समोरचा माणूस पुरेशा अंतरावर उभा असताना मारलेली होती. पावसाळ्यातली शेवाळलेली फरशी, पायात चप्पल, अंगात साडी किंवा घट्ट जीन्स, खांद्याला दप्तर आणि हातभर अंतरावर आलेला माणूस, असा प्रसंग असेल तर त्यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. एका पायावर उभे असताना साधा धक्काही माणसाला खाली पाडतो, आणि खाली पडल्यावर पळण्याची वाट बंद होते.

कायद्याची बाजूही इथे लक्षात घ्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावासाठी आवश्यक असेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. सुटका करून घेण्यासाठी नडगीवर मारलेली लाथ आणि हल्लेखोर पडून निश्चल झाल्यावर त्याच्या डोक्यात घातलेली लाथ यांचा विचार न्यायालय एकाच मापाने करणार नाही.

तीन महिन्यांत कोणाची डोक्यापर्यंतची किक भरवशाची होत नाही. तेवढ्या वेळात जांघेत गुडघा मारणे, पंजा तुडवणे, समोरून नडगीवर लाथ मारून लगेच पाय जमिनीवर टेकवणे आणि ओरडत पळत सुटणे, एवढे मात्र अंगवळणी पडू शकते. हा सराव रोजच्या कपड्यांत आणि पायातल्या चपलांसह घेणे तर कोणत्याही शाळेला खर्चाशिवाय जमण्यासारखे आहे.