कुत्र्याला आंघोळ घातली की शिंका थांबतात का, आणि थांबल्या तर किती दिवस?

पुण्या-मुंबईत आता जवळपास प्रत्येक सोसायटीत एखाद-दुसरा शिह त्झू दिसतोच, आणि बहुतेकदा तो घेताना ऐकवलेलं असतं की याचे केस गळत नाहीत त्यामुळे अ‍ॅलर्जीचं टेन्शन नाही. मग काही महिन्यांत घरातल्या कुणाचं तरी, सासूबाईंचं नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराचं, नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात, रात्रीचा खोकला सुरू होतो. आणि सल्ले सुरू होतात. अ‍ॅलर्जीचे डॉक्टर म्हणतात आठवड्यातून दोनदा आंघोळ घाला, व्हेट म्हणतात एवढी नको, कातडी कोरडी पडेल, आणि ज्याच्याकडून पिल्लू घेतलं तो म्हणतो शाम्पू बदलून बघा. यातले पहिले दोघेही बरोबर आहेत, भांडण फक्त वरवरचं आहे. तिसऱ्याचं सोडून द्या.

आधी केसांचा विषय संपवू. अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. ती असते कुत्र्याच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या काही प्रोटीन्सची, आणि ही प्रोटीन्स लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असतात. शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर दिलेत, कॅन एफ १, कॅन एफ २ असे, आणि त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे कॅन एफ १. हे तयार होतं मुख्यतः जिभेच्या आसपासच्या ग्रंथींमध्ये. म्हणजे कुत्रा दिवसभर अंग चाटतो, लाळ केसांवर आणि कातडीवर वाळते, त्यातलं प्रोटीन कोंड्याच्या बारीक कणांना चिकटतं आणि ते कण सोफ्यावर, चादरीवर, आपल्या कपड्यांवर आणि हवेत जातात. केस हे फक्त वाहन. आता ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शरीरात या प्रोटीनविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडीज आधीच तयार होऊन नाकातल्या, डोळ्यांतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेल्या असतात, प्रोटीन येऊन त्यांना भिडलं की त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि पुढचं सगळं, शिंका, पाणी, खाज, आपोआप होतं.

म्हणूनच केस न गळणारी जात घेतली की सुटलो, हे खरं नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल वगैरे "अ‍ॅलर्जी न करणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांतलं कॅन एफ १ मोजलं आणि साध्या कुत्र्यांशी ताडून बघितलं, तर या खास जातींच्या केसांत ते कमी नाहीच, उलट जास्त सापडलं, आणि घरातल्या हवेत काही फरक नव्हता. ओबामांच्या मुलीला अ‍ॅलर्जी म्हणून २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग आणला आणि तेव्हापासून या समजुतीला जोरच आला, पण ती जाहिरात समजा, पुरावा नाही. एका जातीच्याच दोन कुत्र्यांमध्ये मात्र बराच फरक असू शकतो. त्यामुळे पिल्लू घ्यायच्या आधी ज्याला त्रास आहे त्याने त्याच्याबरोबर एकदा नाही, चार-पाचदा वेळ घालवून बघावा, हे जात निवडत बसण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

बरं, आता आंघोळ. यावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास १९९९ चा, मँचेस्टरचा. त्यांनी कुत्र्यांना पाच मिनिटं शाम्पूने धुतलं आणि आधी-नंतर केसांतलं कॅन एफ १ मोजलं. धुतल्यावर ते खूपच खाली गेलं. पण तीनच दिवसांत जवळजवळ पुन्हा होतं तिथे आलं. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की फायदा टिकवायचा तर आठवड्यातून किमान दोनदा धुवावं लागेल, आणि डॉक्टर जे दोनदा म्हणतात ते इथून आलंय. तीन दिवसांचं कारण वर सांगितलंच आहे, आपण धुतो ते अंग आणि कारखाना आहे तोंडात. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे हे. मांजरांवरही अशीच कामं झाली आहेत आणि तिथेही धुतल्यावर काही दिवस बरं, आठवड्याभरात परत तेच.

म्हणजे रविवारी एकदा जोरदार आंघोळ घातली आणि आता आठवडाभर निवांत, असं चालत नाही. बुधवारनंतर तुमचा कुत्रा अ‍ॅलर्जीच्या हिशेबाने न धुतलेलाच असतो, वास कितीही छान येत असू दे.

आता व्हेटची बाजू. कुत्र्याची कातडी आपल्यासारखी नाही. आपल्या वरच्या थरात पेशींचे दहा-पंधरा पदर असतात, कुत्र्याला जेमतेम तीन ते पाच, केसांचं पांघरूण असल्यामुळे त्याला जाड कातडीची गरजच पडली नाही. शिवाय आपली कातडी आम्लधर्मी, पीएच पाचच्या आसपास, आणि कुत्र्याची सातच्या जवळ. म्हणून आपला शाम्पू, आपला साबण त्याला मानवत नाही. आणि डेटॉल तर अजिबात नको, कितीतरी घरांत अजून बादलीत झाकणभर डेटॉल टाकतात, त्यातलं रसायन कातडी जाळू शकतं आणि नंतर कुत्रा ते चाटतो ते वेगळंच. टी ट्री ऑइलचंही तेच, नैसर्गिक आहे म्हणून घेतात लोक, कुत्र्याला ते विषारी आहे. वारंवार कडक शाम्पू लावला की कातडीवरचा तेलकट थर निघून जातो, कातडी कोरडी पडते, खाज सुटते, कुत्रा जास्त चाटतो, जास्त खाजवतो, जास्त कोंडा पडतो. म्हणजे ज्यासाठी आंघोळ घालत होतो तेच वाढलं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि तीच कुणी नीट सांगत नाही.

यातून वाट आहे आणि ती रसायनातच आहे. कॅन एफ १ हे लायपोकॅलिन नावाच्या कुटुंबातलं प्रोटीन, आणि ही प्रोटीन्स पाण्यात चांगली विरघळतात. म्हणजे काम मुख्यतः पाण्याचं आहे, फेसाचं नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा धुवायचं असेल तर एकदा कुत्र्यांसाठीचा सौम्य, बिनवासाचा शाम्पू, तोही मगभर पाण्यात पातळ करून, आणि दुसऱ्यांदा नुसतं कोमट पाणी, केसांच्या मुळापर्यंत पोचेल असं भरपूर. "अ‍ॅलर्जी घालवणारा" म्हणून दुप्पट किमतीला मिळणाऱ्या शाम्पूची गरज वाटत नाही. कातडीचा काही आजार आधीच असेल तर मात्र व्हेट सांगतील तेच, तिथे माझं ऐकू नका.

छोट्या कुत्र्याची एक सोय म्हणजे तो टबात मावतो, लॅब्रॅडॉरला आठवड्यातून दोनदा बाथरूममध्ये ओढत न्यायचं म्हणजे घरातल्या तिघांचं काम. पण छोट्याची अडचणही असते. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ओला राहिला की पटकन गार पडतो, डिसेंबरात नाशिकला पहाटे गार पाण्याने आंघोळ घालायची गोष्ट नाही ही. लांब केसांचा असेल तर आधी विंचरून गुंता काढायचा आणि मग पाणी, कारण ओला झाल्यावर गुंता आणखी घट्ट बसतो आणि शेवटी कात्रीच लागते. कान लोंबते असतील तर आत पाणी जाऊ द्यायचं नाही, ओलसर कानात इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. आणि वाळवणं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवाच इतकी दमट की शिह त्झू नाहीतर पॉमेरियन आतून संध्याकाळपर्यंत ओला राहतो आणि त्या ओलीत मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट मजेत वाढतं, तो आंबूस वास येतो ना, बऱ्याचदा तोच. टॉवेलने टिपून, ड्रायर कमी गरम करून, मुळापर्यंत वाळवायला वेळ नसेल तर त्या दिवशी आंघोळ पुढे ढकललेली बरी.

अजून एक गोष्ट, जी आठवड्यातून दोनदाच्या हिशेबात हमखास आडवी येते. गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचे जे थेंब असतात, उदाहरणार्थ फिप्रोनिलचे, ते टाकायच्या दोन दिवस आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नसते, आणि पुढेही सारखं सारखं धुतलं तर औषधाचा असर कमी होतो. म्हणजे शिंका थांबवायच्या नादात गोचीड. तेव्हा व्हेटला आधीच सांगून टाका की घरात अ‍ॅलर्जी आहे, आम्ही कुत्र्याला वारंवार धुणार आहोत, ते पोटातून द्यायची गोळी सुचवू शकतात, तिचा आंघोळीशी काही संबंध नाही.

आणि हो, आंघोळ घालणारा माणूस अ‍ॅलर्जीवाला नको, विंचरणाराही नको. सुक्या केसांतून ब्रश फिरवला, ड्रायरचा झोत मारला की सगळा कोंडा हवेत उडतो, म्हणून ही दोन्ही कामं बाल्कनीत, आणि घराकडचा दरवाजा बंद करून. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याला त्रास आहे तोच मायेने रोज कुत्र्याला मांडीवर घेऊन विंचरतोय, असं बऱ्याच घरांत चालू असतं.

एवढं सगळं करूनही शिंका थांबतीलच असं नाही. केसांतलं प्रोटीन जेवढं उतरतं तेवढं हवेतलं उतरत नाही, कारण घरात आधीच साठलेलं असतं, सोफ्यात, गाद्यांत, पडद्यांत. हवेतल्या कॅन एफ १ पैकी साधारण एक पंचमांश तर ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांवर असतं आणि असे कण खाली बसायला तासन् तास घेतात, श्वासातून थेट खोल छातीत जातात. म्हणून आंघोळीपेक्षा बेडरूमचा दरवाजा जास्त काम करतो असं माझं मत. आपण दिवसातले सात-आठ तास त्या एका खोलीत श्वास घेतो, तेवढी जागा कुत्र्याला पूर्ण बंद, पलंगावर तर नाहीच, पायाशीही नाही. छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत हेच सगळ्यात अवघड जातं कारण ते उशीवरच झोपतात आणि रडका चेहरा करतात. त्या खोलीत हेपा फिल्टरचा, म्हणजे असे बारीक कण अडकवणारा, एअर प्युरिफायर लावला तर आणखी मदत. चादरी, उशांचे अभ्रे आणि कुत्र्याचं अंथरूणही दर आठवड्याला धुवा. आणि कोरडा झाडू शक्यतो नको, झाडू मारला की खाली बसलेलं सगळं पुन्हा वर येतं, त्यापेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसलेली चांगली.

आता जे सगळ्यात आधी करायला हवं आणि लोक सगळ्यात शेवटी करतात ते, म्हणजे तपासणी. स्किन प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई तपासणी करून नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघणं. आपल्याकडच्या दमट हवेत गादीतले डस्ट माइट्स आणि झुरळं ही फार मोठी कारणं आहेत आणि कुत्रा बिचारा उगाच साबण खात असतो. स्किन टेस्टच्या आधी अँटिहिस्टामिन गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, हे डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर टेस्ट खोटीच निगेटिव्ह येते. आणि यात एक भारी प्रकार आहे, कॅन एफ ५ नावाचं प्रोटीन फक्त नर कुत्र्यांच्या प्रोस्टेटमध्ये बनतं. काही लोकांना फक्त याचीच अ‍ॅलर्जी असते, म्हणजे त्यांना मादी कुत्र्याचा त्रास बहुतेक होणारच नाही. नसबंदीत वृषणं काढून टाकली की नराचं प्रोस्टेट आक्रसतं, त्यामुळे तोही विचार करता येतो, पण आधी तपासणीत ते दिसायला हवं.

दमा असेल, रात्री छातीत घरघर होत असेल, इनहेलर लागत असेल, तर आंघोळीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहू नका. तिथे आधी छातीचे डॉक्टर.

काही घरांत मग असं ठरतं की पंधरा दिवस कुत्र्याला मावशीकडे पाठवू आणि बघू फरक पडतो का. पडत नाही बहुतेक, आणि त्यावरून घरचे म्हणतात बघा, कुत्र्याचा दोष नव्हताच. पण मांजर घरातून गेल्यावर तिचं प्रोटीन उतरायला पाच-सहा महिने लागतात हे १९८९ मध्येच मोजून झालंय, आणि कुत्र्याचं प्रोटीनही असंच गाद्या-सोफ्यात चिकटून राहतं. पंधरा दिवसांत घर तसंच्या तसं असतं, फक्त कुत्रा नसतो. त्यापेक्षा ज्याला त्रास आहे त्यालाच धुतलेले कपडे घालून काही दिवस कुत्रा नसलेल्या घरी पाठवा, तरी थोडं कळेल, आणि तिथेही बरं वाटलं तरी ते कुत्र्यामुळे की त्या घरच्या नव्या कोऱ्या गादीमुळे हे शेवटी तपासणीच सांगेल.