आप्पा, तीन बोटं घाला

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय, 'कॅन्सरशी लढा, कॅन्सरला हरवा.' त्याच भिंतीला टेकून एक आप्पा गुटख्याची पुडी फाडत होते. (बंदी २०१२ पासून आहे, पुडी मिळतेच.) मी भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "कॅन्सर व्हयना का मानूस वाचस नही. लढीसन काय उपयोग?"

आप्पांना अडाणी म्हणून सोडून देऊ नका. हाउझर आणि श्वार्त्झ या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली अमेरिकेत या लढाईच्या भाषेचाच परिणाम तपासला. युद्धाच्या भाषेतला मजकूर वाचलेल्यांची घातक सवयी आवरायची तयारी उलट कमी झाली. लढाईत चाल करून जायचं असतं. पुडी सोडणं म्हणजे हात आवरणं. दोन्ही एका डोक्यात बसत नाहीत. त्यांच्या २०२० च्या प्रयोगांत तर अशा भाषेमुळे उपचार जास्त अवघड वाटू लागले.

आजाराच्या नुसत्या नावानेही निर्णय फिरतो. स्तनातल्या दूधनळीतच थांबलेल्या बदललेल्या पेशींबद्दल २०१३ साली ३९४ निरोगी स्त्रियांना विचारलं गेलं. त्याला 'न पसरलेला कॅन्सर' म्हटलं तेव्हा ५३ टक्के जणींनी शस्त्रक्रियेशिवायचा मार्ग निवडला. 'असामान्य पेशी' म्हटलं तेव्हा ६९ टक्के. धोका तोच सांगितला होता.

पण म्हणून आपल्याकडे "गाठ शे, दुसरं काही नही" म्हणत आईपासून आजार लपवतात, ते बरोबर ठरत नाही. गाठीवर लोक लेप लावत बसतात आणि महिने जातात.

मला सगळ्यात खुपते ती वर्तमानपत्रातली ओळ, 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. औषध लागू पडलं नाही, आणि अपयश माणसाच्या नावावर! अर्थात काहींना लढाईचा शब्द बळही देतो. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठात रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर-नर्स यांचे १५ लाख शब्द चाळले, त्यात दोन्ही तऱ्हा सापडल्या. तो शब्द रुग्णाने स्वतः उचलावा, आपण त्याच्या हातात कोंबू नये.

तेवढ्यात आशाताई आल्या. "आप्पा, तोंड उघडा. तुमचीच तीन बोटं उभी घाला."

दोनच गेली.

"कॅन्सरच असेल असं नाही. सुपारीने गाल आतून आवळतो. बुधवारी डॉक्टरांना दाखवू, मी असते तिथे."

आप्पांनी पुडी फेकली नाही, खिशात ठेवली. मग विचारलं, "बुधवारी किती वाजता?"